छतावरच्या पाण्याच्या डागावर काय मारायचं? कोल्हापुरात मिळणाऱ्या मालाची पारख

लक्ष्मीपुरीत किंवा शाहूपुरीत रंगाच्या दुकानात जाऊन "स्लॅबला पाण्याचा डाग पडलाय" म्हणालात, की काउंटरवर चार-पाच डबे येतात. वॉटर-बेस सिमेंट प्रायमर, सॉल्व्हेंट सिमेंट प्रायमर, 'डॅम्प' असं काहीतरी नाव असलेलं वॉटरप्रूफ कोटिंग, पांढरा ऑईल पेंट, कधी अॅल्युमिनियम पेंट. डब्याच्या पुढच्या बाजूला काय छापलंय ते सोडून द्या. डबा फिरवा आणि पातळ कशाने करायचं ती ओळ वाचा. तिथे पाणी लिहिलंय, टर्पेंटाइन लिहिलंय की स्पिरिट (म्हणजे अल्कोहोल), यावर त्या मालाची डागावरची लायकी ठरते. बाकी सगळी पारख त्याच्यानंतरची.

कारण सरळ आहे. डाग म्हणजे स्लॅबवर बसलेला रंग नव्हे. गच्चीवरून झिरपलेलं पाणी कोब्यातल्या (गच्चीवर घातलेल्या विटांच्या तुकड्यांच्या थरातल्या) विटेचा लाल अंश, गच्चीवर कुजलेल्या पानांचा तपकिरी अर्क, सिमेंटातले क्षार, सळईचा गंज, असं मिळेल ते विरघळवून खाली आणतं. पाणी उडून जातं, हे सगळं मागे राहतं. ओल्या भागाच्या कडेला पाणी सगळ्यात जास्त उडतं, म्हणून माल कडेला साचतो आणि डागाला ती गडद किनार येते. आता या सगळ्यातलं बरंचसं पाण्यात पुन्हा विरघळणारं आहे. त्यावर डिस्टेंपर किंवा इमल्शन मारलं की त्यातलं पाणी डाग भिजवतं, आणि रंग सुकताना ते पाणी वर येत येत डागही वर आणतं. रंग ओला असताना छत पांढरंशुभ्र दिसतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळा नकाशा परत हजर असतो, तो यामुळे. पेंटर म्हणतो, "साहेब, अजून एक हात मारतो, जाईल." जात नाही. पाण्याचा प्रत्येक नवा हात डागाला पुन्हा विरघळवतो. तीन-चार हातांनी तो फिका पडतो इतकंच, आणि तोवर सीलरच्या (डाग खालीच अडवणाऱ्या थराच्या) कितीतरी पट पैसे रंगात गेलेले असतात.

वॉटर-बेस सिमेंट प्रायमर: या कामाला नको. नव्या प्लास्टरवर, डाग नसलेल्या भिंतीवर तो उत्तम आहे. डागावर तो रंगाइतकाच निरुपयोगी, शिवाय आपल्याकडे त्यात पाणीही सढळ हाताने घालतात. डिस्टेंपरात फेविकॉल कालवून मारण्याची युक्तीही तशीच. सुकलेला साधा पांढरा गोंद पाण्याने पुन्हा सैल होतो. पांढरं सिमेंट फासणं हा तिसरा प्रकार. पांढऱ्या सिमेंटचा थर सच्छिद्र असतो, पहिल्या ओलीला डाग त्यातून आरपार येतो.

'डॅम्प' नावाची कोटिंग्ज. इथे लोकांचे सगळ्यात जास्त पैसे चुकीच्या जागी जातात. डॉ. फिक्सिट रूफसील किंवा एशियन पेंट्सचं डॅम्प प्रूफ हा माल चांगला आहे, पण तो गच्चीवर, पाऊस ज्या बाजूला पडतो त्या बाजूला लावायचा. तो पाण्याने पातळ होणारा, लवचीक पडदा आहे. खोलीतल्या छताला आतून लावला तर दोन गोष्टी होतात. पाण्याने पातळ होणारा असल्यामुळे डाग तो अडवत नाही. आणि वरून गळती चालूच असेल तर पाणी स्लॅब आणि पडदा यांच्यामध्ये अडकतं, फुगा धरतं आणि एक दिवस पडद्यासकट पुट्टीचा पापुद्रा खाली येतो. दुकानात कुणी हाच माल आतून मारा म्हणत असेल, तर डब्यावर छापलेली वापराची जागा त्याच्यासमोर वाचून दाखवा.

सॉल्व्हेंट सिमेंट प्रायमर, म्हणजे टर्पेंटाइनने पातळ होणारा. बहुतेक घरांसाठी आमची पहिली शिफारस हीच. जवळजवळ प्रत्येक मोठ्या कंपनीचा असा प्रायमर असतो. एशियन पेंट्सच्या डेकोप्राइममध्ये पाण्याचा आणि सॉल्व्हेंटचा असे दोन्ही प्रकार आहेत, म्हणून नुसतं नाव सांगून डबा आणायला पोराला पाठवू नका, 'सॉल्व्हेंटचा' असं ठासून सांगा. टर्पेंटाइनमध्ये पाण्याचा डाग विरघळत नाही, त्यामुळे तो खालीच राहतो. सुकल्यावर अल्कीडचा (तेलापासून बनवलेल्या राळेचा) पातळ पडदा तयार होतो आणि वरच्या इमल्शनमधलं पाणी डागापर्यंत पोचत नाही. पृष्ठभाग मॅट असल्याने वरचा रंग नीट धरतो.

यात काय बिघडतं? पहिलं, पेंटर टर्पेंटाइन जास्त घालतो, म्हणजे डबा पुरतो. भिंतीवर ते एक वेळ चालून जाईल, डागावर नाही. जास्त पातळ केलेल्या थरात बारीक छिद्रं राहतात आणि तितक्याच ठिकाणी पिवळे ठिपके उठतात. डब्यावर जे प्रमाण दिलंय त्याच्या खालच्या टोकालाच राहा. दुसरं, एकाच हातावर भागवलं जातं. दोन हात लागतात, मध्ये एक रात्र. हाताला कोरडा लागतो म्हणून चार तासांनी दुसरा हात मारला तर खालचा थर मऊच असतो आणि वरचा सुरकुततो. तिसरं, प्लास्टर नवं असणं. गळतीमुळे पडलेलं प्लास्टर काढून सिमेंट-वाळूने ताजा ठिगळ मारला असेल, तर तो किमान २८ दिवस सुकू द्या. ताजं सिमेंट तीव्र अल्कली असतं. अल्कीड त्याच्या संपर्कात साबणासारखा होतो, चिकट राहतो आणि सुटतो.

वास हा याचा मोठा दोष. दोन-तीन दिवस तो घरात राहतो. दम्याचा रुग्ण, गरोदर बाई किंवा लहान मूल घरात असेल तर तेवढे दिवस त्यांची झोपायची सोय दुसऱ्या खोलीत, शक्य असेल तर दुसऱ्या घरी करा. देवघर त्याच खोलीत असेल तर निरंजन, उदबत्ती बंद. स्वयंपाकघरात काम असेल तर गॅस सिलिंडरपाशी बंद करा. आणि प्रायमरने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात फेकू नका. अल्कीड सुकताना उष्णता सोडतो, बोळ्यात ती साठते आणि चिंध्या आपोआप पेटू शकतात. उघड्यावर पसरून वाळवा, मग टाका.

आता चपडा लाख. फ्रेंच पॉलिशची हीच ती लाख. रंगाच्या दुकानापेक्षा ती सुतारकामाचं, पॉलिशचं सामान ठेवणाऱ्या दुकानात मिळेल. पेंटर ती डागावर मारायला सुचवणार नाही, कारण त्याच्या लेखी ती फर्निचरची वस्तू. पण जिद्दी डागाला तिच्याइतकी खात्रीची गोष्ट इथल्या बाजारात दुसरी नाही. परदेशात स्टेन ब्लॉकर म्हणून ज्याचं नाव सगळ्यात जास्त घेतलं जातं, त्या झिन्सर बिनचा पायाही लाखच आहे, त्यात पांढरं पिगमेंट घातलेलं असतं. तो डबा बाहेरून मागवायचा म्हणजे पैसे जास्त आणि वाट बघणं आलं. लाखेची पाकळी आणि स्पिरिट इथेच मिळतं.

लाख पाण्यातही विरघळत नाही आणि टर्पेंटाइनमध्येही नाही. या तिघांपैकी ती फक्त स्पिरिटमध्ये विरघळते. यातच तिची ताकद आहे. गच्चीवर डांबर अंथरलेलं असेल आणि त्याचा काळपट तपकिरी ओघळ छताला आला असेल, तर सॉल्व्हेंट प्रायमर तिथे हमखास नापास होतो, कारण टर्पेंटाइन डांबराला विरघळवतं आणि ते पांढऱ्या थरात मिसळून वर येतं. तिथे लाखच. जुन्या वाड्यांतल्या सागवानी तक्तपोशीवर तपकिरी डाग उठतो तो लाकडातल्या टॅनिनचा, तिथेही लाखच. चुलीचा किंवा विडी-सिगारेटचा धूर बसलेल्या छतालाही लाखच.

कृती अशी. १ लिटर स्पिरिटला साधारण २४० ग्रॅम पाकळी हे प्रमाण. तीन फूट बाय तीन फुटांचा डाग असेल, तर चारही बाजूंनी सहा इंच सोडून चार बाय चार म्हणजे १६ चौरस फूट झाले. दोन हातांना सुमारे ३०० मिली लागते, म्हणजे ७५ ग्रॅम पाकळी पुरते. काचेच्या बरणीत स्पिरिटमध्ये पाकळी टाकून झाकण लावून एक दिवस ठेवा, अधूनमधून हलवा, मग जुन्या धोतराच्या किंवा पातळ सुती कापडातून गाळा. धातूचा डबा नको, लाख काळी पडते. पांढरी, मेण काढलेली लाख मिळाली तर तीच घ्या. मेण असलेल्या लाखेवर पाण्याचा रंग कमी धरतो. ती न मिळाल्यास गाळलेलं द्रावण दोन-तीन दिवस न हलवता ठेवा, मेणाचा गढूळ थर तळाशी बसतो, वरचं निवळ तेवढं ओतून घ्या. नारिंगी छटेची चिंता नको, वर पांढरा हात येणारच आहे.

लाख वेगाने सुकते. पंधरा-वीस मिनिटांत हाताला कोरडी, तासाभरात दुसरा हात. त्यामुळे रोलर नको, मऊ केसांचा दोन इंची ब्रश घ्या, फक्त एक तृतीयांश बुडवा म्हणजे कोपरापर्यंत ओघळणार नाही. एका जागी एकदाच फिरवा. अर्धवट सुकलेल्या लाखेवर ब्रश परत नेला की ती ओढली जाते आणि धागे सुटतात. डोळ्यांवर चष्मा हवाच, मान वर करून काम आहे. स्पिरिट लगेच पेट घेतं, त्यामुळे आगीची सगळी बंधनं इथे प्रायमरपेक्षाही कडक. नंतर ब्रश धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात धुवा. लाख अल्कलीत विरघळते, त्यामुळे तो सहज साफ होतो.

हाच गुण तिची मर्यादाही आहे. चुन्याची सफेदी असलेल्या छतावर किंवा ताज्या सिमेंटवर लाख मारू नका. चुना आणि सिमेंट दोन्ही अल्कली, लाख सैल पडते. चुना खरवडून जुन्या प्लास्टरपर्यंत गेलात तरच ती टिकेल. दुसरी मर्यादा हवेची. दमट हवेत स्पिरिट उडताना ओल खेचून घेतं आणि लाखेवर दुधी पांढरट पडदा येतो. जुलैच्या झडीत तिच्या नादी लागू नका. तिसरी गोष्ट वयाची: द्रावणात सहा महिन्यांहून जास्त राहिलेली लाख नीट कडक होत नाही. काचेवर एक थेंब टाकून रात्रभर ठेवा. सकाळी नखाने दाबल्यावर खूण उमटली तर ते द्रावण फेकून द्या. तयार बाटलीतली फ्रेंच पॉलिश घेतलीत तर ही परीक्षा आधी करा, बाटली दुकानात किती दिवस उभी होती ते लेबलवरून नेहमी कळत नाही.

पांढरा ऑईल पेंट ही पेंटरांची जुनी युक्ती, आणि ती डाग अडवते हे मान्य करायला हवं. दोष दुसरीकडे आहे. चकचकीत ऑईल पेंटवर इमल्शन पकडत नाही. वर्षा-दोन वर्षांत नखाने सोलता येईल असा पापुद्रा सुटतो. शिवाय उजेड न मिळणाऱ्या जागी ऑईल पेंट पिवळा पडतो. घरात अर्धा डबा पडलाच असेल तर वापरा, पण पूर्ण सुकल्यावर १८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी मारा आणि मगच पुढे जा. मुद्दाम विकत घ्यायचा असेल तर त्याच पैशांत सॉल्व्हेंट प्रायमर घ्या.

अॅल्युमिनियम पेंट त्याहून जोरदार अडवतो, कारण धातूच्या बारीक चपट्या कपच्या एकमेकींवर कौलांसारख्या बसतात. गंजाच्या फिक्या डागावर आणि धुरकट छतावर तो चांगला. पण करड्या चमकेवर पांढरं यायला तीन हात जातात, आणि वरवर सुट्या राहिलेल्या कपच्यांमुळे इमल्शन थेट धरत नाही. चोवीस तासांनी कोरड्या कपड्याने पुसून मध्ये सॉल्व्हेंट प्रायमरचा एक हात द्यावाच लागतो. म्हणजे काम दुप्पट. एवढ्यासाठी लाख सोडून याच्याकडे वळायचं कारण दिसत नाही.

स्प्रेचे डबे छतासाठी आम्ही सुचवत नाही. वर तोंड करून मारताना निम्मा माल हवेत जातो, एका डब्यात मोठा डाग दोनदा झाकत नाही, आणि खालच्या फरशीवर, कपाटावर पांढरा भुरका बसतो.

डाग झाकण्याआधी

माल कोणताही घ्या, ओल्या स्लॅबवर तो हरतो. आणि कोल्हापुरात स्लॅब ओला असण्याचे महिने बरेच आहेत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस, ऑक्टोबरात परतीचा, आणि गगनबावडा, राधानगरीकडच्या गावांत तर त्याहून जास्त. अडचण अशी की रंगाची घाई नेमकी गणपतीच्या आधी असते. पाहुणे येणार, आरास होणार, आणि दिवाणखान्याच्या छताला पिवळा डाग. ऐन पावसाळ्यात डागावर सॉल्व्हेंट प्रायमर मारला तर चवथीला छत छान दिसेल, अनंत चतुर्दशीपर्यंत फोड आलेले असतील. गणपतीपुरतं झाकायचंच असेल तर पोपडे खरवडून चुन्याचा हात द्या. चुना श्वास घेतो, ओल अडवत नाही. डाग थोडा दिसेल, पण प्लास्टर वाचेल, आणि चुना नंतर सहज निघतो. पक्कं काम फेब्रुवारी ते मेमध्ये. दिवाळीच्या आधी करायचं असेल तर आधी पुढची चाचणी घ्या आणि तिचा कौल माना.

चाचणीला खर्च जवळजवळ नाही. दीड फूट बाय दीड फूट जाड, पारदर्शक प्लास्टिक घ्या. डागाच्या मध्यभागी छताला चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बंद करा. चोवीस तासांनी आतल्या बाजूला घाम दिसला किंवा प्लास्टरचा रंग गडद झाला, तर स्लॅब अजून पाणी सोडतोय. आठ-दहा दिवसांनी पुन्हा करा. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढून तारीख लिहा. पुढच्या पावसात डाग रेघेबाहेर गेला तर गळती जिवंत आहे.

इथे एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. गच्चीवर वॉटरप्रूफिंग केलं की स्लॅबमधल्या साठलेल्या पाण्याला वर जायची वाट बंद होते. ते आता फक्त खाली, खोलीकडे सुकणार. अशा वेळी त्याच आठवड्यात खालूनही सीलर मारला तर पाणी दोन पडद्यांमध्ये कोंडतं. ठेकेदार दोन्ही कामं एका झटक्यात उरकायला बघतो, त्याची मजुरी वाचते. तुम्ही मध्ये कोरड्या हवेचे काही आठवडे ठेवा, पंखा चालू ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा, आणि प्लास्टिकच्या चाचणीने होकार दिल्यावरच पुढचा हप्ता द्या.

गळती कुठली ते डागाच्या सवयीवरून कळतं. फक्त पावसात वाढतो तो गच्चीचा: कोब्याची भेग, कठड्याच्या मुळाशी फुटलेला वाटा (कोनात दिलेला सिमेंटचा गोलवा), तुंबलेला पाइप, टाकीखालचा चौथरा. बारमाही ओला असतो तो वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचा, आणि तिथे पहिला संशय नहाणी ट्रॅपच्या (फरशीतल्या सांडपाण्याच्या तोंडाच्या) भोवतालच्या सांध्यावर. ट्रॅपचं तोंड बंद करून बाथरूममध्ये दोन इंच पाणी चोवीस तास उभं करा. खाली ओल दिसली तर गळती ट्रॅपच्या सांध्यात किंवा फरशीखालच्या थरात. काहीच दिसलं नाही आणि तरी डाग वाढत असेल, तर नळाची दाबाची लाइन तपासा. गच्चीवर हीच चाचणी करायची असेल तर जुन्या, कमकुवत स्लॅबवर करू नका. तीन इंच पाण्याचं वजन दर चौरस मीटरला सुमारे ७५ किलो होतं.

जिथे झाकायचंच नाही

डागात लालसर सरळ रेघ असेल, तर ती सळई आहे. हातोडीच्या मागच्या बाजूने हलकं ठोकून बघा. ढब ढब पोकळ आवाज आला तर काँक्रीटचा थर सळईपासून सुटलाय. त्यावर कोणताही सीलर मारणं म्हणजे खाली झोपणाऱ्यांच्या जिवाशी खेळ. गंजलेली सळई फुगते, काँक्रीट ढकलते, आणि एक दिवस तुकडा पडतो. ते काम स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवायचं. सैल काँक्रीट काढून सळई साफ करून पॉलिमर मॉर्टरने भरायचं असतं. रंगाचा विचार त्यानंतर.

पीओपीच्या किंवा जिप्समच्या फॉल्स सिलिंगला बोटाने दाबा. मऊ लागलं, खाली झोळ आला असेल तर तेवढा भाग कापून नवा घालणं झाकण्यापेक्षा स्वस्त पडतं. पीओपीत बळकटीसाठी घातलेल्या काथ्याचा तपकिरी रंगही ओलीने वर येतो. गळती जुजबी होती आणि पीओपी कडक आहे असं असेल तर हा डाग लाखेने हमखास बंद होतो. डागाच्या जवळ दिवा किंवा पंख्याचा हूक असेल तर काम सुरू करण्यापूर्वी मेन स्विच बंद. ओल्या छतातून वायरीत पाणी शिरलेलं असू शकतं.

काळे ठिपके असतील तर ती बुरशी. तिच्यावर सीलर मारला तरी ती आत वाढते. एक भाग ब्लीच आणि तीन भाग पाणी लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, साध्या पाण्याने पुसा, पूर्ण सुकू द्या. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. गंजाच्या डागाला ब्लीचने फरक पडत नाही. आणि पांढरी, कापसासारखी भुकटी फुटली असेल तर तो लोणा. त्याला पाणी लावाल तर तो विरघळून पुन्हा आत जातो. कोरड्या ब्रशने झाडा, गोळा करून बाहेर टाका, आठवड्याने पुन्हा झाडा. फुटायचा थांबेपर्यंत थांबा, नाहीतर लोणा सीलरला मागून ढकलून सोडवतो.

कामाचा क्रम

क्रम चुकला तर चांगला मालही फुकट जातो, आणि चूक बहुधा पुट्टीपाशी होते. सिमेंटची पुट्टी, बिर्ला व्हाइटची असो की जेकेची, तिला सच्छिद्र पृष्ठभाग लागतो. ऑईलच्या किंवा लाखेच्या थरावर ती नीट पकडत नाही. म्हणून सैल पोपडे पट्टीने काढून, १२० नंबरच्या पेपरने कडा घासून, खड्डा आधी पुट्टीने भरा, सुकवा, घासा. डाग पुट्टीतून वर आला तरी चालेल, तो पुढे अडवायचा आहे. मग सीलरचे दोन हात, दिसणाऱ्या किनारीच्या सहा इंच बाहेरपर्यंत, कारण डोळ्यांना न दिसणारा क्षार किनारीच्या पलीकडेही असतो. राहिलेल्या बारीक खोलगट जागा अॅक्रिलिक पुट्टीच्या पातळ थराने सपाट करता येतात.

सीलर सुकला की लगेच सगळं छत रंगवायला घेऊ नका. डागाच्या सगळ्यात गडद जागी तळहाताएवढं इमल्शन लावा आणि रात्रभर थांबा. सकाळी पिवळसर झाक आली तर सीलरचा अजून एक हात. ही एक रात्र वाचवायला गेलेली कामंच पुन्हा करावी लागतात.

आणि रंग फक्त डागावर मारू नका. जुना पांढरा रंग पिवळटलेला असतो. खिडकीतून तिरपा उजेड आला की नवा ठिगळ लांबून दिसतो, शेड कितीही जुळवा. सीलर ठिगळापुरता, इमल्शनचे दोन हात भिंतीपासून भिंतीपर्यंत. दहा बाय बाराच्या खोलीला २ लिटर इमल्शन धरा. मॅटच घ्या, चकाकी असलेल्या रंगात छताची प्रत्येक उंच-सखल जागा उठून दिसते.

पेंटरला काम मजुरीवर द्यावं, सीलर स्वतः आणून द्यावा, असं आमचं ठाम मत आहे. मालासकट दर ठरवलात तर त्याच्या हिशेबात वॉटर-बेस प्रायमर बसतो, कारण तो स्वस्त, त्याला वास नाही आणि संध्याकाळी दुसरा हात मारून मोकळं होता येतं. त्याला दोन गोष्टी आधीच सांगा: सॉल्व्हेंट प्रायमरच्या दोन हातांमध्ये एक रात्र जाणार, आणि तळहाताच्या चाचणीसाठी दुसरी. त्यामुळे मजुरीत एखादी जास्तीची खेप धरावी लागेल. ती खुशाल द्या. नाही म्हणणारा पेंटर या कामाचा नाही.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात तळमजले बुडालेल्या घरांच्या भिंतींवर राहिलेल्या पाण्याच्या रेघेलाही हेच नियम लागू पडतात, एका फरकासह. तिथे डागात नदीचा गाळ असतो. तो आधी कोरड्या ब्रशने आणि मग ओल्या फडक्याने जितका निघेल तितका काढावा लागतो, कारण गाळाच्या भुकटीवर बसलेला सीलर भुकटीसकट सुटतो. आणि जमिनीतून चढणारी ओल असेल तर भिंतीच्या खालच्या तीन फुटांना सॉल्व्हेंट प्रायमर नकोच. तिथे चुना किंवा श्वास घेणारा रंग.

उरलेली लाख बरणीत असेल तर वर तारीख लिहून ठेवा, सहा महिन्यांनी टाकून द्या. उरलेला सॉल्व्हेंट प्रायमर डब्याचं झाकण कापडाने पुसून, हातोडीने चारही बाजूंनी बसवून, थंड जागी ठेवला तर पुढच्या हंगामात ढवळून वापरता येतो. वर साय धरली असेल तर ती ढवळून मिसळू नका, उचलून टाका आणि खालचा माल गाळून घ्या.